पायताणातला खडा : ख्रिस्ती आत्मोपचाराच्या वाटेवरील एका अडथळ्याचा इतिहास

१

ख्रिस्ती धर्मविचारात पापाची चर्चा प्रामुख्याने दोन रूपकांच्या आधारे झालेली आढळते. पहिले रूपक न्यायालयाचे. त्यात देव न्यायाधीश असतो, माणूस आरोपी असतो आणि प्रश्न दंडाचा किंवा क्षमेचा असतो. दुसरे रूपक रुग्णशय्येचे. त्यात पाप हा रोग असतो, माणूस रोगी असतो आणि ख्रिस्त वैद्य असतो. वैद्याची गरज रोग्याला असते, निरोग्याला नसते, अशा आशयाचे येशूचे उद्गार शुभवर्तमानांत आहेत. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाच्या इग्नाशियसने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताला वैद्य म्हटले आहे. पुढे संत ऑगस्टीन (३५४–४३०) याच्या प्रवचनांतून हे वैद्यरूपक इतक्या वेळा येते की लॅटिन धर्मवाङ्मयात ते एक रूढ प्रतिमाच होऊन बसले.

आत्म्याच्या आरोग्याचा विचार या दुसऱ्या रूपकातून वाढला. परंतु रूपक स्वीकारले की त्याच्या पोटातला प्रश्नही स्वीकारावा लागतो. वैद्य समर्थ आहे, औषध हाताशी आहे आणि रोग्यालाही बरे व्हावयाचे आहे. मग तो बरा का होत नाही? जवळजवळ दोन हजार वर्षांचे ख्रिस्ती 'आत्मशुश्रूषे'चे वाङ्मय या एका प्रश्नाभोवती फिरत आले आहे. या प्रश्नाची जी अनेक उत्तरे दिली गेली, त्यांपैकी एकाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे उत्तर काहीसे चमत्कारिक आहे. कधी कधी औषधच रोग होऊन बसते, आणि हा प्रकार बेफिकीर माणसाच्या बाबतीत न घडता अत्यंत प्रामाणिक माणसाच्या बाबतीत घडतो, असे ते उत्तर आहे.

२

प्रारंभीच्या काळातील उत्तरे तुलनेने सरळ होती. इजिप्तच्या वाळवंटात राहणारा तपस्वी इव्हाग्रियस (मृत्यू ३९९) याने माणसाला ग्रासणाऱ्या आठ विचारांची यादी केली. खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, 'असेदिया', पोकळ कीर्तीची हाव आणि गर्व असे ते आठ विचार. जॉन कॅसियनने ही यादी लॅटिन जगात नेली. ५९० ते ६०४ या काळात पोप असलेल्या महान ग्रेगरीने तिला वेगळे रूप दिले आणि तीतूनच पुढे 'सात प्रमुख पापे' ही प्रसिद्ध मांडणी रूढ झाली. आपल्याकडील षड्रिपूंशी या यादीचे साम्य सहज ध्यानात येते. पण 'असेदिया'ला आपल्या षड्रिपूंत जागा नाही. भर दुपारी एकांतवासी साधकाला येणारा उबग, कशातच रस न वाटणे, ही खोली सोडून कुठेतरी निघून जावे असे वाटणे, या अवस्थेला ते वाळवंटातले तपस्वी 'माध्यान्हीचा पिशाच' म्हणत.

ग्रेगरीने आत्म्यांच्या शुश्रूषेला सर्व कलांमधील श्रेष्ठ कला म्हटले. धर्मपाळकांसाठी लिहिलेल्या त्याच्या ग्रंथाचा तिसरा भाग या दृष्टीने वाचनीय आहे. तेथे त्याने माणसांच्या जोड्या घेतल्या आहेत: गरीब आणि श्रीमंत, आनंदी आणि दुःखी, उतावळे आणि मंद. प्रत्येकाला वेगळा बोध कसा करावा हे तो सांगतो. एकाला लागू पडणारे औषध दुसऱ्याला अपाय करते, हे त्याचे सूत्र आहे. हे सूत्र आपल्या विषयाला पुढे फार उपयोगी पडणार आहे.

दुसरा मोठा अडथळा लज्जेचा. जखम दाखवलीच नाही तर मलम लागणार कसे? या अडचणीवर पाश्चात्त्य ख्रिस्तसभेने संस्थात्मक उत्तर काढले. १२१५ साली भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने प्रत्येक वयात आलेल्या ख्रिस्ती माणसाने वर्षातून निदान एकदा धर्मगुरूपाशी पापांची कबुली दिली पाहिजे असा नियम केला. गोव्याच्या बोलीत ज्याला 'कुमसार' म्हणतात तो हाच विधी. या नियमाच्या शब्दांतही वैद्य आहेच. धर्मगुरूने कुशल वैद्याप्रमाणे जखमेवर द्राक्षारस आणि तेल ओतावे, रोग्याची परिस्थिती नीट विचारून घ्यावी आणि मगच उपाय ठरवावा, असे तेथे सांगितले आहे. हेतू निश्चितच हिताचा होता. परंतु वर्षातून एकदा आपली सर्व पापे आठवून मोजावी लागतात म्हटल्यावर काही मनांत एक नवाच प्रश्न उगवला: मी सगळी सांगितली का?

३

या प्रश्नाने पछाडलेल्या अवस्थेला लॅटिनमध्ये 'स्क्रुपुलुस' असे नाव मिळाले. या शब्दाचा मूळ अर्थ लहानसा टोकदार खडा. पायताणात शिरलेला खडा दिसत नाही, त्याने जखमही मोठी होत नाही. पण प्रत्येक पावलाला तो टोचतो आणि शेवटी माणसाचे चालणेच थांबते. आपल्या भाषेत 'मनाची टोचणी' हा शब्दप्रयोग आहे, पण टोचणी केलेल्या चुकीची असते. स्क्रुपुलुस हा चूक झाली की नाही हेच न ठरण्याचा त्रास आहे. जुन्या घरांतील अतिरेकी सोवळे ज्यांनी पाहिले किंवा ऐकले असेल त्यांना ही अवस्था समजण्यास कठीण नाही. स्नान झाले, पण नंतर कशाचा स्पर्श तर झाला नाही ना? पुन्हा स्नान. पुन्हा तीच शंका. शुद्ध होण्याचे साधन म्हणून जे पाणी घेतले तेच माणसाला बांधून ठेवते.

पॅरिस विद्यापीठाचा कुलपती जाँ गेर्सों (१३६३–१४२९) याने भित्र्या, खचलेल्या मनांवरील उपायांविषयी स्वतंत्र लेखन केले. त्या अर्थी पंधराव्या शतकापर्यंत हा त्रास पुरेसा ओळखीचा झाला असला पाहिजे. पण या अवस्थेचे आतून केलेले वर्णन, म्हणजे जिला आपण आज आत्मकथन म्हणतो त्या रूपातील वर्णन, आपल्याला सोळाव्या शतकापासून भेटू लागते. विशेष म्हणजे ज्या दोन माणसांच्या नावाने युरोपातील ख्रिस्ती जग दुभंगले असे आपण म्हणतो, त्या दोघांच्याही पायताणात हा एकच खडा होता.

४

मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) १५०५ साली एर्फुर्टच्या ऑगस्टीनियन मठात दाखल झाला. मठाचे नियम त्याने मनापासून पाळले. पण कबुलीनंतर मिळणारी शांती टिकत नसे. कबुली देऊन बाहेर पडताच विसरलेले एखादे पाप आठवे आणि तो परत जाई. आपण कधी कधी सहा सहा तास कबुली देत असू, असे त्याने पुढे सांगितले आहे. त्याचा वरिष्ठ योहान फॉन श्टाउपिट्झ हा शहाणा आणि मायाळू गृहस्थ होता. त्याने ल्यूथरला सुनावले की असल्या किरकोळ गोष्टी घेऊन येऊ नकोस, खरोखरच काही पाप करून ये! या बोलण्यात थट्टा आहे, पण वैद्यकही आहे. श्टाउपिट्झने ल्यूथरची नजर स्वतःच्या पापांवरून काढून ख्रिस्ताच्या जखमांकडे वळवण्याचा प्रयत्न केला. पुढे रोमकरांस पत्राचा अभ्यास करताना ल्यूथरला जो उलगडा झाला त्याची हकीकत त्याने १५४५ साली आपल्या लॅटिन ग्रंथसंग्रहाच्या प्रस्तावनेत लिहिली. देवाचे नीतिमत्त्व हे माणसाला मोजण्याचे माप नसून माणसाला दिलेले दान आहे, असा तो उलगडा होता.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ल्यूथरने पश्चात्ताप टाकून दिला असे नाही. १५१७ च्या पंचाण्णव विधानांपैकी पहिलेच विधान सांगते की श्रद्धावानाचे सारे आयुष्यच पश्चात्तापाचे असावे. त्याने टाकला तो हिशेब. पश्चात्ताप आयुष्यभराची दिशा झाला की प्रत्येक पापाची वेगळी नोंद ठेवण्याची गरज उरत नाही.

हा उलगडा झाल्यानंतरही त्याचे मन कायमचे शांत झाले नाही. १५२७ मध्ये तो पुन्हा गाढ निराशेत सापडला होता. मात्र आता त्याच्यापाशी अनुभवातून आलेले औषध होते आणि ते तो इतरांना देऊ लागला. १५३० साली खिन्नतेने ग्रासलेल्या येरोनिमस वेलर या तरुणाला लिहिलेले त्याचे पत्र प्रसिद्ध आहे. एकांत टाळ, मित्रांत मिसळ, थट्टामस्करी कर, थोडे जास्त पी, सैतानाला खिजवण्यासाठी एखादे लहानसे पापही कर, असा सल्ला तो देतो. धर्मगुरूच्या लेखणीतून उतरलेला हा उपदेश ऐकून आपण चपापतो. पण रोग लक्षात घेतला म्हणजे औषधाची मात्रा कळते. अतिसोवळ्याने आजारी पडलेल्या माणसाला तो सांगत होता की न धुतलेल्या हाताने एकदा जेवून पाहा.

५

ल्यूथरचे बंड ऐन भरात असताना, १५२२ च्या मार्चमध्ये, तोफगोळ्याने पाय मोडून नुकताच बरा झालेला एक बास्क सरदार स्पेनमधील मॉन्सेरातच्या मठात आला. त्याने आयुष्यभराच्या पापांची यादी लिहून काढली आणि तीन दिवस कबुली दिली. हा इग्नाशियस लोयोला (१४९१–१५५६). तेथून तो जवळच्या मान्रेसा गावी गेला आणि सुमारे अकरा महिने तेथे राहिला. उतारवयात त्याने आपली हकीकत लुईस गोन्साल्व्हिस द कामारा या सहकाऱ्याला सांगितली. तीत तो स्वतःचा उल्लेख 'यात्रिक' असा तृतीयपुरुषी करतो.

मान्रेसात त्याला शंकांनी घेरले. तीन दिवसांच्या कबुलीत काही राहून तर गेले नाही ना? तो पुन्हा पुन्हा कबुली देऊ लागला आणि समाधान अधिकच दूर गेले. कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूने आज्ञा केली की अगदी स्पष्ट असेल तेच भूतकाळातले पाप सांग. पण इग्नाशियसला सगळेच स्पष्ट वाटत होते! ज्या खोलीत तो रोज सात तास गुडघ्यांवर प्रार्थना करी तेथे एक मोठे भगदाड होते. त्यातून स्वतःला झोकून द्यावे असा विचार त्याच्या मनात जोराने येई. शेवटी त्याने आठवडाभर अन्नपाणी सोडले. रविवारी धर्मगुरूने उपास मोडावयास लावला. दोन दिवस बरे गेले. मंगळवारी प्रार्थना करताना पापे पुन्हा एकामागून एक आठवू लागली, एकातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे. त्यानंतर त्याला या सगळ्या जीवनक्रमाचाच उबग आला आणि तो सोडून द्यावा असे वाटू लागले. नेमक्या त्या क्षणी तो झोपेतून जागा व्हावा तसा जागा झाला. ही शंका मला साधनेपासूनच दूर नेत आहे. मग ती देवाकडून आलेली कशी असेल? भूतकाळातील काहीही पुन्हा कबूल करावयाचे नाही, असा त्याने निश्चय केला आणि त्या दिवसापासून तो मोकळा झाला.

या प्रसंगात वाङ्मयाच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे काही आहे. विचार पवित्र दिसतो की अपवित्र, एवढ्यावरून त्याची पारख होत नाही. तो माणसाला कोठे नेऊन सोडतो यावरून होते. पुढे 'आध्यात्मिक साधना' या त्याच्या पुस्तिकेत, जिला १५४८ साली पोप तिसरा पॉल याने मान्यता दिली, त्याने या अवस्थेविषयी काही टिपणे जोडली. वाटेत गवताच्या दोन काड्या क्रूसासारख्या पडल्या आहेत, त्यांवर माझा पाय पडला आणि मी पाप केले असे मला वाटले, तर तो केवळ चुकीचा निर्णय होय, असे तो म्हणतो. खरा स्क्रुपुलुस त्यानंतर येतो. पाप झाले असे एकीकडे वाटते, झाले नाही असे दुसरीकडे वाटते, आणि मन हेलकावत राहते. हा प्रकार थोडा काळ साधकाला उपयोगीही पडतो, कारण त्याने मन स्वच्छ होते. पण शत्रू माणसाचा स्वभाव पाहून चाल करतो. जाड मनाला तो अधिक जाड करतो आणि हळव्या मनाला इतके हळवे करतो की ते मोडून पडावे. म्हणून साधकाने शत्रूच्या चालीच्या उलट जावे. जाड मनाने हळवे व्हावे आणि अतिहळव्याने थोडे घट्ट व्हावे. नऊशेहून अधिक वर्षांपूर्वी ग्रेगरीने सांगितलेले सूत्र येथे पुन्हा भेटते: सर्वांना एकच औषध चालत नाही.

ल्यूथरचा मार्ग आणि इग्नाशियसचा मार्ग एकच होता असे अर्थातच म्हणता येणार नाही. ल्यूथरने कबुलीच्या व्यवस्थेचा पायाच तपासला. इग्नाशियसने व्यवस्था ठेवून तिच्या वापराला मर्यादा घातली. पण दोघांनीही मोजणे थांबवले, आणि दोघांचीही नजर स्वतःवरून हलली.

६

१६६६ साली इंग्लंडमधील बेडफर्डच्या तुरुंगात असलेल्या जॉन बन्यनचे (१६२८–१६८८) आत्मवृत्त प्रसिद्ध झाले. 'ग्रेस अबाउंडिंग' या नावाने ते ओळखले जाते. बन्यन भांडी दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा मुलगा आणि स्वतःही तोच धंदा करणारा. चर्चच्या घंटा वाजवण्याचा त्याला नाद होता. तो नाद व्यर्थ आहे असे वाटून त्याने सोडला, पण पाहण्याचा मोह सुटेना. मग घंटा डोक्यावर पडेल, भिंतीवर आपटून अंगावर येईल, शेवटी सारा मनोराच कोसळेल, अशी भीती वाढत गेली. पुढे 'ख्रिस्ताला विकून टाक' असा एक आवाज त्याच्या मनात रात्रंदिवस घुमू लागला. जेवताना, काम करताना तो 'नाही, नाही' म्हणत राही. एके दिवशी थकून त्याच्या मनात आले की जायचे तर जाऊ दे त्याला. तेवढ्यावरून आपण एसावाप्रमाणे वारसा विकला, आता पश्चात्तापालाही जागा नाही, असे त्याने ठरवले आणि त्याचा पुढचा दीर्घ काळ नरकयातनांत गेला.

या पुस्तकात एक फार बोलका प्रसंग आहे. आपल्यासारखा अनुभव आलेल्या एखाद्या जुन्या माणसाचे पुस्तक मिळावे अशी बन्यनची इच्छा होती. त्याच्या हाती एक जीर्ण, उलगडताना तुकडे पडतील असे पुस्तक आले. ते होते ल्यूथरचे गलतीकरांस पत्रावरील भाष्य, इंग्रजी भाषांतरातले. आपली अवस्था त्यात इतकी तपशिलाने आढळली की ते पुस्तक आपल्याच हृदयातून लिहिले गेले असे त्याला वाटले. जखमी विवेकबुद्धीसाठी बायबलखालोखाल हेच पुस्तक, असा त्याने निर्वाळा दिला आहे. मात्र पुस्तक मिळाल्याने तो बरा झाला असे समजू नये. ख्रिस्ताला विकण्याचा मोह त्याच्यावर चालून आला तो यानंतरच. पुस्तकाने दिली ती सोबत. बरे होणे फार पुढे, एका शेतातून जात असताना घडले. आपले नीतिमत्त्व आपल्या मनाच्या बऱ्यावाईट अवस्थेवर अवलंबून नाही, ते ख्रिस्ताच्या ठायी, स्वर्गात सुरक्षित आहे, हे त्याला त्या वेळी उमगले.

'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'च्या १६७८ साली निघालेल्या पहिल्या भागात हाच अनुभव कथारूप घेतो. यात्रिक वाट चुकतो आणि नैराश्य नावाच्या राक्षसाच्या संशयदुर्गात कैद होतो. राक्षस त्याला मारतो आणि वर आत्महत्येचा सल्ला देतो. चार दिवसांनी यात्रिकाला आठवते की 'वचन' नावाची एक किल्ली आपल्या छातीशीच आहे आणि ती या किल्ल्यातले कोणतेही कुलूप उघडते. आत्मवृत्त न वाचता ही गोष्ट वाचली तर किल्ली फारच सोयीस्कर वाटते. आत्मवृत्त वाचल्यावर त्या किल्लीमागची वर्षे दिसतात.

७

याच रूपककथेचे बोट धरून हा विषय मराठीत येतो. हरि केशवजी यांनी तिचा 'यात्रिक क्रमण' या नावाने केलेला अनुवाद १८४१ साली प्रसिद्ध झाला. मराठी कादंबरीच्या पूर्वेतिहासात त्याचा उल्लेख आपण करतो, पण बहुधा केवळ गद्यकथनाचा आरंभीचा नमुना म्हणून. मराठी गद्याला अंतर्मनातील झगड्याची एक भाषा या पुस्तकाने दिली, ही बाजू अभ्यासात मागे पडली आहे.

एकोणिसाव्या शतकातील दोन मराठी ख्रिस्ती विद्वानांच्या आयुष्यात हा अडथळा वेगवेगळ्या रूपांत दिसतो. काशीत वाढलेले चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोरे (१८२५–१८९५) यांनी १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या हे नाव धारण केले. दर्शनशास्त्रांवरील त्यांचा अधिकार मोठा होता आणि वादविवादात ते अजिंक्य समजले जात. परंतु बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. दुसऱ्यांची खात्री पटवून देणारा हा पंडित स्वतःच्या मनाची खात्री वारंवार तपासत राहिला.

गोरे यांच्या लेखनाचा ज्यांच्या निर्णयात वाटा होता त्या पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तेथील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाई धर्मतत्त्वांबद्दल, चर्चच्या अधिकाराबद्दल हिरिरीने प्रश्न विचारताना दिसतात. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले, पुढे ते पुण्यास हलवले. बाहेरून पाहणाऱ्याला हे आयुष्य कृतार्थ वाटावे. पण १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे आपल्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. त्या काळात त्यांनी विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचले. १८५१ साली कॉर्नवॉलमध्ये स्वतःच व्यासपीठावरून प्रवचन देत असताना हॅस्लमचे परिवर्तन झाले होते. उपदेश करणाराच बरा व्हावयाचा राहिला होता, ही हकीकत रमाबाईंना आपली वाटली असल्यास नवल नाही. १८९१ मध्ये त्यांना जे उमगले ते त्यांनी नेमकेपणाने मांडले आहे. तारण ही पुढे कधीतरी मिळवावयाची वस्तू नसून आजच मिळणारे दान आहे, आणि त्यासाठी जात, लिंग, कर्म वा अन्य कोणी माणूस यांपैकी कशावरही विसंबावे लागत नाही.

रमाबाईंचा त्रास इग्नाशियसच्या त्रासासारखा नव्हता. त्या पापे मोजत बसल्या नव्हत्या. तरीही दोन्ही ठिकाणी अडथळ्याची घडण एकच दिसते. आधी मी योग्य ठरले पाहिजे, मग मला बरे केले जाईल, अशी समजूत दोन्हींच्या मुळाशी आहे. रमाबाईंनी केलेल्या यादीत 'जात' आणि 'लिंग' हे शब्द येतात ते मात्र इथल्या मातीतले आहेत. शास्त्राने स्त्रीला स्वतंत्र मोक्षमार्ग ठेवला नाही हे लहानपणापासून ऐकत आलेल्या स्त्रीने काढलेला तो निष्कर्ष आहे. त्यामुळे ल्यूथरच्या प्रश्नाला मराठीत मिळालेले हे उत्तर ल्यूथरच्या उत्तरापेक्षा अधिक व्यापक आहे, असे म्हणावे लागेल.

८

एवढ्यावर थांबलो तर हा इतिहास विजयगाथा होईल आणि ते खरे होणार नाही. इंग्रजी कवी विल्यम कूपर (१७३१–१८००) याला १७७३ मध्ये पडलेल्या एका स्वप्नानंतर देवाने आपल्याला कायमचे टाकले असे वाटू लागले. ती खात्री अखेरपर्यंत फिटली नाही. जॉन न्यूटनबरोबर त्याने रचलेली स्तोत्रे १७७९ साली प्रसिद्ध झाली. ती गाऊन असंख्य माणसांना धीर आला. ती लिहिणारा मात्र चर्चमध्ये जाईनासा झाला होता. १७९९ साली लिहिलेली त्याची शेवटची इंग्रजी कविता समुद्रात बुडणाऱ्या खलाशाविषयी आहे. त्याला प्रेमळ मित्र होते, उत्तम उपदेशक होते, वचनाची किल्लीही त्याला ठाऊक होती. तरी दार उघडले नाही. नैतिक धर्मशास्त्राचा आचार्य मानला गेलेला अल्फोन्सस लिगोरी (१६९६–१७८७) इतरांच्या शंका सोडवण्यात निष्णात होता, पण म्हातारपणी त्याच्याच शंकांनी त्याला छळले.

आजचे मानसशास्त्र या अवस्थेला ओळखते. धार्मिक शंकांच्या या अतिरेकाला ते ओसीडी या आजाराचे एक रूप मानते आणि त्यावर उपचारही करते. त्या उपचारातील एक भाग असा की रुग्णाने भीती सोसावी, पण पुन्हा पुन्हा तपासण्याची वा धुण्याची कृती करू नये. मान्रेसाच्या निश्चयाशी आणि ल्यूथरच्या पत्राशी याचे नाते वाचकाच्या ध्यानात येईल. तथापि या ज्ञानाच्या बळावर ल्यूथर किंवा बन्यन यांच्यावर निदानाची चिठ्ठी चिकटवून त्यांची पुस्तके मिटून ठेवणे योग्य नाही. आजार होता असे मानले तरी त्यांनी त्याविषयी विचारलेला प्रश्न खोटा ठरत नाही. तसेच, आज कोणी विद्यार्थी अशा त्रासात असेल तर त्याला केवळ प्रार्थना वाढव, श्रद्धा वाढव असे सांगणेही धोक्याचे आहे. आधीच मोजून थकलेल्याला आणखी मोजावयास सांगण्यासारखे ते आहे. त्याला डॉक्टरकडे नेणे हे या परंपरेच्याही विरुद्ध नाही. वैद्याचे रूपक जिने जपले तिला वैद्याचे वावडे असण्याचे कारण नाही.

आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराचा इतिहास शिकवताना आपण ऑगस्टीनपासून आरंभ करतो आणि 'कबुली' हे त्याचे मूळ आहे असे सांगतो. त्याला एक पुस्ती जोडावयास हवी. आत्मचरित्राला कबुलीने जन्म दिला हे खरे. पण इग्नाशियस, बन्यन आणि रमाबाई यांची कथने मोजदाद थांबल्यानंतर लिहिली अथवा सांगितली गेली आहेत. मान्रेसात पापांच्या यादीतच अडकलेला इग्नाशियस आपली कथा सांगू शकला नसता. तीस वर्षांनी, त्या यादीकडे परत जाण्याची गरज उरली नाही तेव्हा, त्याने स्वतःला 'यात्रिक' म्हटले आणि तो सांगू लागला. आपल्या वर्गात ही पुस्तके वाचणाऱ्यांपैकी एखाद्याच्या पायताणात तोच खडा असू शकतो. बन्यनला ल्यूथरचे जीर्ण पुस्तक मिळाले तसे त्याला यांतले एखादे योग्य वेळी मिळाले, तर निदान आपण या वाटेवर पहिले नाही एवढे तरी त्याला कळेल.